पणजोबांची बढती

आमच्या पणजोबांना हयातीत किती बढत्या मिळाल्या ते ठाऊक नाही, पण मेल्यानंतर त्या अगदी वेळच्या वेळी मिळत गेल्या. आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीत सातजण राहत होतो, तेव्हा पणजोबा साधे शिपाई होते. मिलमध्ये वडील फोल्डिंगचे सुपरवायझर झाले आणि पणजोबा हवालदार झाले. बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत पलीकडची मंडळी जरा तालेवार निघाली, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, घसा खाकरून त्यांना जमादार केलं. हाउसिंगमध्ये स्वतःचा ब्लॉक घेतला त्या दिवाळीत ते सुभेदार झाले. आणि परवा चुलतभावाने रील टाकलं, त्यात ते कॅप्टन होते. मागे ढोल वाजत होते. या चालीने माझ्या मुलाच्या लग्नापर्यंत ते सरसेनापती व्हायला हरकत नाही.

लढाई मात्र कधी बदलली नाही. ती बसऱ्याची. बसरा कुठे आहे हे घरात कोणालाच सांगता येत नसे. माझी बरीच वर्षं अशी समजूत होती, की ते भुसावळच्या पुढे कुठेतरी असावं. कारण आमच्याकडचं सगळं महत्त्वाचं एक तर भुसावळच्या अलीकडे असतं नाही तर पलीकडे.

वाद निघाला तो फ्लेक्सवरून. पांडेसऱ्यात ओडिया, यूपीवाले, बिहारी आणि आम्ही खानदेशी असे चार प्रांत एका नळावर भांडतात. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा गल्ली आमची असते. त्या दिवशी रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन मुठीने गहू मोजतात. आमच्या भाऊबंदकीची ही जनगणना. हिच्यात बायका मोजत नाहीत. सरकार निदान १८७२ सालापासून मोजत आलं आहे. तर या कानबाईला चुलतभावाच्या डोक्यात आलं, की मांडवाच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स लावायचा आणि त्यावर मध्यभागी पणजोबा. फ्लेक्सवाल्याने फोटो मागितला. पणजोबांनी जन्मात फोटो काढलेला नव्हता. फ्लेक्सवाला म्हणाला, काही अडत नाही, आणि त्याने कुठूनसा एक सरदारजी शिपाई काढला, त्याची दाढी पुसली आणि आप्पांच्या मिशा चिकटवल्या. आप्पांना चित्र पसंत पडलं. मी म्हटलं, "अरे, निदान हुद्दा तरी खरा टाका."

"मग शोध ना तूच," चुलतभाऊ म्हणाला. "तू मेहताजी आहेस. तुला कागदातलं कळतं."

हे खरं आहे. मी एका डाइंग मिलमध्ये मेहताजी आहे. आमच्याकडे ग्रे कापडाचा एकेक ताका लॉट नंबर घेऊन येतो आणि लॉट नंबर घेऊनच बाहेर पडतो. तीन वर्षांपूर्वी कुठल्या व्यापाऱ्याचा कुठला ताका कुठल्या दिवशी जेट मशीनमध्ये फाटला, हे मी चहा निवायच्या आत सांगू शकतो. म्हटलं, एवढ्याशा चिंध्यांचा माग काढतो, तर सहा फुटी पणजोबा किती वेळ लपतील? (सहा फुटी हेही आप्पांचंच.)

सुरुवात मोठी आशादायक झाली. आमचा माल नेणारा एक ट्रान्सपोर्टवाला सरदार आहे. त्याला सहज म्हटलं, तर त्याने मोबाइल काढून स्वतःचे पणजोबा दाखवले. गाव, बापाचं नाव, पलटण, सगळं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पंजाबातल्या ३ लाख २० हजार लोकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात ९७ वर्षं पडून होत्या. त्या इंग्लंडमधल्या पंजाबी मंडळींनी आणि ग्रीनिच विद्यापीठाने मिळून २०२१ साली लोकांसमोर आणल्या. सुरुवातीलाच जालंधर, लुधियाना आणि सियालकोट हे तीन जिल्हे खुले झाले. सरदार जालंधरचा. त्याने त्या आनंदात मागच्या दोन खेपांचं भाडंही वाढवून मागितलं.

खानदेशच्या नशिबी असं लाहोर नाही. मी मग युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल मंडळाच्या यादीत शिरलो. रात्री दीडपर्यंत बसलो. आमचं आडनाव पाटील. खानदेशात 'पाटील' शोधणं म्हणजे सुरतेच्या कापडबाजारात 'साडी' शोधणं. त्यात पुन्हा तेव्हाच्या पलटणीत बहुतेकांचं नुसतं नाव आणि बापाचं नाव लिहीत. आमच्या घरात 'पाटील' हे आडनाव आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी लावलं. म्हणजे मी ज्या नावाने हाका मारत होतो ते पणजोबांच्या कानावर कधी पडलंच नसेल. तरी एकेक नाव खाली सरकवत गेलो. पणजोबा कुठेच नाहीत. फार खट्टू झालो. बायकोने झोपेतच विचारलं, "कशाची यादी आहे?" म्हटलं, "लढाईत मेलेल्यांची." ती म्हणाली, "मग ते तिच्यात कसे असतील? ते तर घरी आले ना. नाही तर तुम्ही कुठून आला असता?" आणि कूस बदलून झोपली.

मुद्दा बरोबर होता. लढाईत मेला तर नाव दगडावर चढतं. धडधाकट परतला त्याचा दगड कोणी घडवत नाही. मेलेल्यांचंही सगळं आलबेल नव्हतं म्हणा. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा टाकला: आणि इतर इतके. त्या मंडळानेच २०२१ साली अहवाल काढून ही चूक कबूल केली. आमच्या मिलमध्ये फाटक्या ताक्यालासुद्धा 'इतर' म्हणत नाहीत.

मग मला जनगणनेची दुर्बुद्धी सुचली. इंग्लंडमध्ये १९२१ ची जनगणना शंभर वर्षं झाल्यावर, २०२२ साली, नावानिशी खुली झाली. अमेरिकेत बहात्तर वर्षं थांबतात. तिथे १९५० ची त्याच साली उघडली. तिकडचा माणूस बसल्या जागी बघतो, की आजोबा कुठल्या गल्लीत राहत, घरात किती माणसं, धंदा काय. मला वाटलं, १९११ साली पणजोबा गावातच असणार, लढाई अजून लांब आहे, तेव्हा त्यांना घरीच गाठावं.

१९११ ची मोजणी १० मार्चच्या रात्री झाली. त्या काळी सगळा हिंदुस्थान एका रात्रीत मोजत. गणनदार कंदील घेऊन दारोदार फिरे आणि आधी भरून ठेवलेल्या यादीवरून आज कोण मेलं, कोण जन्मलं, कोण पाहुणा आला ते ताडून बघे. मला ते दृश्य अगदी दिसायला लागलं: ओसरीवर पणजोबा घोंगडी पांघरून निजलेत, गणनदार कंदील वर करून बघतो आणि खूण करून पुढे जातो. पुढे या नोंदी एकेका माणसाच्या एकेका चिठ्ठीवर उतरवत. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा. चिठ्ठ्या खणाखणांत वाटायच्या, मोजायच्या, तक्त्यात आकडा टाकायचा. आमच्या मिलमधल्या शेड कार्डाची आठवण झाली. पण मोजून झाल्यावर त्या चिठ्ठ्या आणि ती नावं नष्ट केली. आकडा राहिला, माणूस गेला. स्वतंत्र भारताने तर १९४८ साली कायदाच केला. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे जनगणनेची नोंद कोणाला बघता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. सरकारने माझ्या पणजोबांना माझ्यापासून सुरक्षित ठेवलं आहे. पश्चिम खानदेशच्या लोकसंख्येतला शेवटचा एक आकडा मी आमचा समजतो. तेवढं मनाचं समाधान.

याच सुमारास आत्याचा अंगठा आडवा आला. आत्याचे यजमान मिलमध्ये होते. त्यांच्या मागे तिला प्रॉव्हिडंट फंडाचं पेन्शन येतं. किती ते विचारू नका. किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे आणि आत्या किमानाच्या फार वर नाही. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं सरकारला कळवावं लागतं. मी तिला ऑनलाइन फॉर्मवाल्याकडे घेऊन गेलो. तिने अंगठा ठेवला. यंत्र नाही म्हणालं. पुसून ठेवला. नाही. मग तर्जनी, मग डावा हात. दहाही बोटांनी साक्ष फिरवली. पंचवीस वर्षं घरी बसून साड्यांवर गोंदाने टिकल्या चिकटवल्या आत्याने; रेषा त्या गोंदाबरोबर कधीच निघून गेल्या. फॉर्मवाला म्हणाला, "मावशी, फिंगर येत नाही." आत्या त्याच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "मी आठे उभी शे ना, जित्ती!" शेवटी तिचा चेहरा मोबाइलसमोर धरला. दोनदा डोळे मिचकावले. मग सरकारने मान्य केलं.

परतताना तेरे नाम चोकडीवर उसाचा रस पीत मी तिला सांगितलं, की या अंगठ्याच्या भानगडीचं मूळ पेन्शनीतच आहे. बंगालमध्ये हुगळीला विल्यम हर्शेल नावाचा साहेब होता. पेन्शनर मेला तरी त्याचं पेन्शन उचलणारे निघत, म्हणून त्याने १८७७ साली पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला लावले. आत्या म्हणाली, "म्हणजे पेन्शन देताना आधी चोर समजायचं." तिला एका वाक्यात समजलं ते मला पुढे महिनाभराने समजायचं होतं. मी तिला अमेरिकेतल्या आयरीन ट्रिपलेटबाईंचीही गोष्ट सांगितली. त्यांचे वडील १८६५ साली संपलेल्या यादवी युद्धातले शिपाई. त्यांच्या उतारवयात ही मुलगी झाली आणि तिला २०२० साली ती वारेपर्यंत बापाचं पेन्शन मिळत होतं, महिना ७३ डॉलर १३ सेंट. आत्याने हिशेब केला आणि म्हणाली, "तिचा अंगठा उठत असेल."

पुढची पायरी सरकारी कचेरी. कुठली ते सांगत नाही; अशा सगळ्या कचेऱ्यांना एकच पंखा असतो आणि तो दाराकडे तोंड करून फिरतो. तिथल्या भाऊसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बसरा, कॅप्टन, सहा फूट. मग विचारलं, "नंबर काय?"

"कुणाचा?"

"शिपायाचा. नंबराशिवाय आम्हाला काही दिसत नाही."

"नंबर कुठे मिळेल?"

"त्यांच्या कागदात."

"आणि कागद?"

"ते नंबरावरून निघतील."

मला राग आला नाही. लॉट नंबर न आणता ताका मागायला आलेल्या पार्टीला मी हेच सांगतो, फक्त इतक्या गोड आवाजात नाही.

शेवटचा साक्षीदार उरला, आजी. वय नव्वदीला टेकलेलं. पणजोबा तिचे सासरे. त्यांच्या हाताखाली, म्हणजे ओसरीपलीकडे, तिने चौदा-पंधरा वर्षं काढली. प्रत्यक्ष बघितलेली ती एकटीच जिवंत. मी वही घेऊन बसलो. नाव? सासऱ्याचं नाव ती घेणार नाही. आजवर घेतलं नाही, आता शेवटी-शेवटी कशाला जिभेला विटाळ. बरं, दिसायला कसे होते? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी काही तरी अभद्र विचारलं. "मी काय त्यासना तोंडकडे देखेल शे का?" सून ती. कपाळाखाली हातभर पदर. ताट पुढे सरकवायचं आणि मागच्या पावली आत. माझी एकुलती एक साक्षीदार नाव सांगत नव्हती आणि चेहरा तिने पाहिलेला नव्हता. वही मिटली.

देव्हाऱ्यात आजीचा खंडेराव आहे. चांदीचा टाक, जुन्या रुपयाहून थोडा मोठा, हळद आणि भंडाऱ्याचे थर बसून अगदी बुंदीच्या लाडवासारखा झालेला. त्यात घोडा ओळखू येतो आणि घोड्यावरचा स्वार. बाकी सगळं श्रद्धेने बघायचं. १९९४ च्या प्लेगमध्ये सगळी सुरत गाड्यांना लोंबकळून पळाली तेव्हा आजीने भांडी टाकली, गाद्या टाकल्या आणि हा टाक कनवटीला लावून नंदुरबारपर्यंत उभ्याने गेली. माझ्या मुलाने एकदा विचारलं होतं, "आजी, खंडोबामागे म्हाळसा असते ना? इथे का नाही?" आजीचं उत्तर तयार होतं: "म्हाळसाबाई मांगे बठेल शे." आपल्याला समोरून दिसत नाही, इतकंच.

कानबाईच्या आधी बायकोने देव उजळायला काढले. चिंच, पितांबरी, जुना ब्रश. मी पेपर वाचत बसलो होतो. बायकोने हाक मारली, "अहो, खंडोबाच्या अंगावर कपडे नाहीत."

मी गेलो. खरंच नव्हते. हळद गेली तसा घोड्यावरचा देव चक्क उघडा निघाला. डोक्याला पागोटं नाही, हातात आखूड तलवार. घोड्याच्या टापांखाली मणी दैत्याचं मुंडकं म्हणून ज्याला आम्ही तीन पिढ्या कुंकू लावत आलो, ती कवटी आणि तिच्यापाशी हाडं. बाजूला एक ढाल, तीवर गरुड. एका अंगाला १९१४, दुसऱ्या अंगाला १९१८. वडील हयात असताना त्या आकड्यांना सोनाराची खूण म्हणत. मी टाक उलटा केला. पालथा पडून, नाक हळदीत खुपसून, इतकी वर्षं तिथे पंचम जॉर्ज निजले होते. दर चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य त्यांच्या पाठीवर ठेवला जात होता.

ते महायुद्धाचं पदक होतं. लढाईवर गेलेल्या लाखो लोकांना दिलेलं. वरची दांडी कुठल्याशा सोनाराने कापून काढलेली. खेड्यातल्या सासुरवाशिणीने पेटीत चांदीचा घोडेस्वार बघितला, तर तिने दुसरं काय समजावं? घोडेस्वार म्हणून आम्हाला खंडोबा ठाऊक, इंग्रजांना संत जॉर्ज. दोघांच्याही पायांखाली दैत्य आहेच.

आणि पदकाच्या कडेला, रुपयाच्या कंगोऱ्यावर असतं तशा जागी, अक्षरं ठोकलेली. मी चष्मा लावला, त्यावर मिलमधली कापडाचे धागे मोजायची भिंगाची डबी धरली आणि बायकोने ब्रशने हळद काढत काढत एकेक अक्षर पुढे सरकवलं. आधी नंबर! मग तीन अक्षरं, डी-व्ही-आर. मग पणजोबांचं नाव, कुठल्या तरी साहेबाच्या कानाला जसं लागलं तसं. मग सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअर.

चुलतभाऊ रात्री आला, त्याला दाखवलं. "डी-व्ही-आर म्हणजे?"

"ड्रायव्हर."

"बघ!" तो आप्पांकडे वळला. "त्या काळात मोटर चालवायचे!"

मी सांगितलं, की तेव्हा सप्लायमधल्या ड्रायव्हरच्या हातात बहुतेक करून स्टीअरिंग नसे, कासरा असे. दोन खेचरं जुंपलेली दोन चाकी लहान गाडी आणि एक माणूस. हिंदुस्थानी तोंडात ड्रायव्हरचं 'ड्राबी' झालं होतं. पीठ, तूप, काडतुसं, चारा, सगळं या ड्राबींनी ओढलं. या देशातून त्या युद्धावर १३ लाखांवर माणसं गेली आणि १ लाख ७० हजारांवर जनावरं. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफनला लढाई झाली. तिच्यातले जखमी याच गाड्यांतून मागे आणले. गाडीला स्प्रिंग नाहीत, वाट खाचखळग्यांची, आत हाडं मोडलेली माणसं. त्या हालांची पुढे विलायतेत चौकशी बसली आणि १९१७ च्या अहवालात सगळं छापलं गेलं. गाडी हाकणाऱ्याला मागचं विव्हळणं ऐकत सबंध वाट चालावी लागली असेल. पणजोबा त्या वाटेवर होते की दुसऱ्या, ते पदकाच्या कडेवर लिहिलेलं नाही.

चुलतभाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खेचर चालवायचे हे कोणाला सांगू नको."

नंबर हातात आला होता, पण कचेरीत परत जाण्याआधी एकदा गावची पेटी बघावी म्हणून मी रविवारी ताप्ती लाईनची गाडी धरली. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत नि अर्धं महाराष्ट्रात. तिथल्या बाकावर मधोमध बसलं तर माणूस दोन राज्यांत मोजावा लागेल. नंदुरबारला उतरून एसटीने शहादे तालुक्यातलं आमचं गाव. हे गाव कुठे हललं नाही, पण जिल्हा हलत राहिला. १९०६ पर्यंत नुसता खानदेश, मग पश्चिम खानदेश, मग धुळे, आणि १९९८ च्या जुलैपासून नंदुरबार. भाषेचंही तसंच. ग्रियर्सनसाहेबाने १९०७ साली आमची खानदेशी भिल्ली बोल्यांच्या खंडात, गुजरातीच्या शेजारी नेऊन बसवली. आम्ही प्रत्यक्ष सुरतेला आलो ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. साहेबाने नोंद आगाऊ केली होती.

पेटीत काही निघालं नाही. एक अडकित्ता आणि उंदराच्या लेंड्या. चुलत चुलते म्हणाले, आलाच आहेस तर एक काम कर, सप्तशृंगीच्या तसबिरीची काच तडकली आहे, सुरतेहून बसवून आण. मी तसबीर पालथी केली. मागे पुठ्ठ्याऐवजी जाड कागदाची चौपदरी घडी घातलेली, चार खिळ्यांनी दाबलेली. इंग्रजी छापील फॉर्म, शाईने भरलेला. वर सिंह आणि युनिकॉर्न. तोच नंबर.

जखमेच्या पेन्शनीचा कागद होता तो. आमच्या घरात जे टिकलं ते देवाच्या आडोशाला टिकलं. एक खंडोबा होऊन, दुसरं देवीची पाठ होऊन. आणि काय बारीक लिहिलं होतं त्या कारकुनाने! बापाचं नाव, जात, गाव, तालुका. उंची ५ फूट ३ इंच. (आप्पांचे नऊ इंच तिथल्या तिथे गेले.) रंग गव्हाळ. डाव्या भुवईत देवीचा व्रण. वरचा एक दात अर्धा. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं नाहीत; कारण, गाडीचं चाक पायावरून गेलं. खाली अंगठा. रकमेच्या रकान्यात वाळवी लागली होती. सबंध कागदात नेमकी तीच जागा तिला गोड लागली.

एसटीत मी तो कागद मांडीवर घेऊन बसलो. पणजोबांच्या भुवईतला व्रण ना त्यांच्या मुलाने सांगितला, ना नातवाने. आम्ही त्यांना नुसते हुद्दे देत गेलो. त्यांना नीट निरखून बघितलं ते एका कारकुनाने. उद्या हा मेल्यावर दुसराच कोणी येऊन पैसे उचलेल, या भीतीने. आत्या रस पिताना म्हणाली होती, चोर समजायचं. माझ्याकडे पणजोबांची जी काही तसबीर आहे ती त्या संशयाने काढलेली आहे, आणि प्रेमाने काढलेली फ्लेक्सवाल्याकडे आहे.

घरी आलो. आजी देव्हाऱ्यासमोर वाती वळत होती. खंडेराव उजळून परत जागेवर बसला होता. ते पदक आहे हे तिला आम्ही सांगून बघितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि घोड्याला हळद लावली. मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, "आजी, तोंड नाही पाहिलंस. पण ताट ठेवताना खाली मान घालून तुला काय दिसायचं?"

"पाय."

"कसे होते?"

तिने वात वळायची थांबवली. पदर होता-नव्हता तो कपाळावर ओढला, जसे काही ते पाटावर येऊन बसलेत. मग हाताची दोन बोटं दुमडून मला दाखवली. "जेवना पायनी दोन बोटं नव्हतात," ती म्हणाली. "पावसायामा ठनकेत त्यासले." ताट ठेवलं की ती न सांगता कोमट पाण्याचं घंगाळ आणून पायाशी ठेवी. ते काही बोलत नसत. पाय आत घालत.

कागद मी तिला दाखवला नाही. तिला वाचता येत नाही, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं तिच्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

फ्लेक्स तोपर्यंत छापून आला होता. आप्पांच्या मिशा, सरदारजीचे खांदे, खाली केशरी अक्षरांत 'सुभेदार'. कॅप्टनवरून आम्ही तेवढे खाली आलो होतो. मी जवळ जाऊन नीट बघितलं. पायांत गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट होते, त्यामुळे बोटांचा प्रश्न आला नाही.